औषधालयातील मुंग्या आणि आपले निदानकौशल्य

आपल्या त्रैमासिकाच्या पानांवर रसकल्पांचे शोधन-मारण, पंचकर्मातील व्यापद, नाडीपरीक्षेची विश्वसनीयता अशा भारदस्त विषयांची चर्चा होत असते. त्या पंक्तीत मुंगीसारख्या क्षुद्र जीवाला पाट मांडून बसविणे काही वाचकांना गमतीचे वाटेल. परंतु या क्षुद्र जीवानेच मला माझ्या व्यवसायातील एक मोठी उणीव दाखवून दिली. ती उणीव केवळ माझी एकट्याची नाही, असे अनेक वैद्यमित्रांशी व औषधविक्रेत्यांशी बोलल्यावर जाणवले. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे चिकित्सालय नेरूळमधील एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरील गाळ्यात आहे. पुढे तपासणीकक्ष, मागे औषधकक्ष आणि शेजारी क्षारसूत्राच्या रुग्णांसाठी पट्टीबंधनाची लहानशी खोली. एका पावसाळ्यात, माझ्याकडे बरीच वर्षे येणाऱ्या एका वृद्ध रुग्णेने वासावलेहाची बाटली परत आणून माझ्या टेबलावर ठेवली. झाकणाच्या आट्यांत बारीक मुंग्या चिकटल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं औषध माझ्यापेक्षा मुंग्यांनाच जास्त मानवलेलं दिसतंय." मी क्षणाचाही विचार न करता उत्तरलो, "आजी, मुंग्या लागल्या म्हणजे औषध अस्सल आहे असं समजा!" त्या हसल्या, मीही हसलो. मी त्यांना नवी बाटली दिली. त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या नाहीत.

अस्सलपणाचा खोटा दाखला

ते उत्तर हजरजबाबी होते, पण खरे नव्हते. मुंगी अवलेहाकडे येते ती त्यातील साखरेसाठी. वासा उत्तम प्रतीचा आहे की निकृष्ट, पाक योग्य झाला की कच्चा राहिला, याच्याशी तिला कर्तव्य नसते. गंमत अशी की, ज्या काउंटरवर आपण 'मुंग्या लागल्या म्हणजे अवलेह अस्सल' म्हणतो, त्याच काउंटरवर 'मुंग्या लागल्या नाहीत म्हणजे मध अस्सल' असेही सांगतो. एकाच साक्षीदाराकडून दोन विरुद्ध साक्षी आपण वदवून घेतो. वस्तुतः मुंगी शुद्ध मधही खाते आणि साखरेचा पाकही खाते. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील मधाची तपासणी केली. तेव्हा नेहमीच्या चाचण्यांतून पार पडलेले अनेक नमुने प्रगत प्रयोगशाळेत भेसळयुक्त ठरले. जी भेसळ नित्याच्या चाचण्यांना सापडली नाही, ती मुंगीने ओळखावी ही अपेक्षाच व्यर्थ आहे. रुग्णाला असे दाखले देणे आपण थांबविले पाहिजे.

मग मुंगी कशाची साक्ष देते? ती सांगते की येथे अन्न उघडे आहे, ओल आहे, आत येण्यास वाट आहे आणि जवळपास राहण्यास जागा आहे. म्हणजेच मुंगी हे लक्षण आहे. व्याधी आपल्या वास्तूत आणि आपल्या सवयींत आहे.

शास्त्रकारांची दृष्टी

हा जीव आपल्या शास्त्राला अपरिचित नाही. शरीर व मूत्र यांकडे मुंग्या आकृष्ट होणे हे प्रमेहाचे पूर्वरूप म्हणून चरकसंहितेच्या निदानस्थानात नोंदलेले आहे. सुश्रुतांनी चिकित्सास्थानात उदररोगाच्या शस्त्रकर्मात आंत्राच्या छिद्राच्या कडा जोडण्यासाठी काळ्या मुंग्यांच्या दंशाचा उपयोग सांगितला आहे. कल्पस्थानात तर त्यांनी मुंग्यांचे स्थूलशीर्षा, संवाहिका, ब्राह्मणिका, अंगुलिका, कपिलिका आणि चित्रवर्णा असे सहा प्रकार दिले असून, त्यांच्या दंशाने शोथ व अग्निस्पर्शासारखा दाह होतो असे म्हटले आहे. या नावांपैकी कोणते नाव आजच्या कोणत्या जातीचे, हे ओढूनताणून ठरविण्याच्या फंदात मी पडणार नाही. महत्त्वाचे हे की, 'मुंगी' एवढे म्हणून आचार्य थांबले नाहीत. त्यांनी आधी भेद पाहिले.

आधुनिक काळातही मुंग्यांचा अभ्यास प्रथम हाती घेणाऱ्यांत वैद्यकातील माणसे होती. १८५१ साली दक्षिण भारतातील मुंग्यांची सूची प्रसिद्ध करणारे जेर्डन हे पेशाने शल्यचिकित्सक होते. आपल्या मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांनी १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात येथील मुंग्यांवर लेखमाला लिहिली. १९०३ साली बिंगहॅम यांचा भारतीय मुंग्यांवरील ग्रंथ निघाला. इतके असूनही आपण आज 'लाल मुंग्या' आणि 'काळ्या मुंग्या' यापलीकडे जात नाही आणि दोहोंवर एकच फवारा मारतो.

ओळख : कोण आले आहे?

नवी मुंबईतील घरांत, दुकानांत व औषधकक्षांत प्रामुख्याने पुढील प्रकार दिसतात. त्यांच्या परीक्षणासाठी एक साधे भिंग पुरेसे आहे.

अत्यंत बारीक, सुमारे दीड मिलिमीटर लांबीची, डोके व छाती गडद पण पोट आणि पाय फिकट, जवळजवळ पारदर्शक अशी मुंगी दिसल्यास ती घोस्ट मुंगी होय. पांढऱ्या फरशीवर तिचे केवळ डोके हलताना दिसते. चिरडल्यास कुजट खोबऱ्यासारखा वास येतो. गोड पदार्थ व ओल तिला प्रिय.

सुमारे दोन मिलिमीटरची, सर्वांग पिवळसर तांबूस आणि पोटाचे टोक काहीसे गडद अशी मुंगी म्हणजे फॅरो मुंगी. ती उबदार पोकळीत, विजेच्या बटणांच्या पेटीमागे, भिंतीच्या भेगेत वस्ती करते. गोडाबरोबरच तिला स्निग्ध व मांसल पदार्थही चालतात. रुग्णालयांच्या दृष्टीने ही सर्वांत घातक. १९७२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश रुग्णालयांतील अभ्यासात या मुंग्यांच्या अंगावर रोगकारक जंतू आढळल्याची नोंद आहे. जखमेच्या पट्टीपर्यंत आणि निर्जंतुक पाकिटांतही ती शिरते. क्षारसूत्र, अग्निकर्म वा व्रणोपचार करणाऱ्या प्रत्येक वैद्याने हे ध्यानात ठेवावे.

लांब पायांची, लांब मिशांची, करड्या-काळ्या रंगाची आणि रांग सोडून सैरावैरा धावणारी मुंगी बहुधा बाहेरून, बागेतून वा गटाराच्या कडेने येते. तांबड्या रंगाची, कडकडून चावणारी, वसाहतीत काही मोठ्या डोक्याच्या कामकरी असलेली मुंगी जमिनीत वारूळ करते व तेलबियांवरही तुटून पडते. मोठा काळा मुंगळा झाडांच्या बुंध्याशी राहतो. तो औषधकक्षात क्वचितच स्थिरावतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांचे कीटक जमतात. त्यांत मुंग्या असतात तशी वाळवीही असते. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ आणि चारही पंख सारखे असतात. वाळवी लाकडी मांडण्या, पोथ्या, गोणपाट आणि मुळांची वनस्पतिद्रव्ये खाते. तिचा उपचार सर्वस्वी वेगळा आहे. वाळवीला मुंगी समजणे म्हणजे क्षयाला प्रतिश्याय समजण्यासारखे आहे.

फवारणीचा मोह

आजींच्या बाटलीनंतर मी काय केले? जे बहुतेक जण करतात तेच केले. कीडनियंत्रण करणाऱ्या एका व्यावसायिकाला बोलावून फवारणी करून घेतली. त्याने मुंगी कोणती हे पाहिले नाही, मीही विचारले नाही. दोन दिवस शांतता होती. आठवड्याभरात मुंग्या औषधकक्षातून तपासणीकक्षात आणि तेथून पट्टीबंधनाच्या खोलीत पोहोचल्या. वर, मांडणीवरील त्रिफळा चूर्णाच्या पिशव्यांना औषधाचा उग्र दर्प लागला. सुमारे चार किलो चूर्ण फेकून द्यावे लागले.

असे का झाले, हे पुढे वाचनातून उलगडले. घोस्ट व फॅरो या दोन्ही मुंग्यांच्या वसाहतीत एकाहून अधिक राण्या असतात. दाहक फवाऱ्याची चाहूल लागताच वसाहत फुटते; काही कामकरी मुंग्या एखादी राणी व अंडी-अळ्या घेऊन दुसरीकडे नवे घर मांडतात. एकाचे तीन होतात. जी मुंगी आपल्याला फरशीवर दिसते ती वसाहतीचा अल्प अंश असते. तिला मारून राणीच्या केसालाही धक्का लागत नाही. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, म्हणतात ते असे. ज्वरात केवळ अंग पुसून संताप कमी करावा आणि आमाचा विचारही करू नये, तसाच हा प्रकार.

हळदीची रेघ, कापूर, लवंग, हिंग यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. मुंग्या परस्परांनी सोडलेल्या गंधाच्या मार्गाने चालतात. तीव्र वासाच्या द्रव्याने तो मार्ग काही काळ मोडतो, एवढेच. त्या दुसरी वाट काढतात. साबणाच्या पाण्याने मार्ग पुसूनही तेच साधते, तेही खर्च न करता. धूपनाचे आपले महत्त्व आहेच, पण भिंतीच्या पोकळीतील वसाहत धूपनाने नष्ट होईल असे रुग्णांना सांगू नये.

निदानपंचकाचा उपयोग

फवारणी फसल्यावर मी, उशिरा का होईना, वैद्यासारखा विचार करू लागलो. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती ही पाच साधने रुग्णासाठी वापरतो, ती येथे का वापरू नयेत?

इकडेतिकडे फिरणारी एखाद-दुसरी टेहळणी करणारी मुंगी हे पूर्वरूप. बांधलेली रांग हे रूप. उपशयासाठी मी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुळाचे पाणी, तूप आणि उकडलेल्या अंड्याचा कण ठेवला. तासाभरात गुळाच्या पाण्याभोवती गर्दी झाली, इतर दोन्ही तसेच राहिले. भिंगाखाली पोट पारदर्शक दिसले. घोस्ट मुंगी निश्चित झाली.

संप्राप्तीसाठी रात्री दहानंतर विजेरी घेऊन बसलो. येणारी रांग न पाहता, अन्न घेऊन परतणारी रांग पाहायची असते. तीच घर दाखवते. माझी समजूत होती की मुंग्या कचऱ्याच्या डब्याकडून येतात. रांग निघाली ती वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी भिंतीत पाडलेल्या भोकातून खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेल्या जास्वंदाच्या कुंडीकडे. जास्वंदाच्या कोवळ्या फांद्यांवर पिठ्या ढेकूण बसले होते. हे कीटक गोड चिकट स्राव टाकतात आणि त्या स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. त्या कुंडीला मी स्वतः रोज पाणी घालीत होतो. शत्रूची रसद मीच पुरवीत होतो.

आपल्यापैकी अनेकांच्या दारात तुळस, अडुळसा, गवती चहा, जास्वंद यांच्या कुंड्या असतात. मावा वा पिठ्या ढेकूण पडला की मुंग्या आल्याच. तसेच सुक्या वनस्पतींच्या गोदामात मुंग्या दिसल्या तर मुळांत व चूर्णांत इतर कीड लागली आहे का, हे प्रथम पाहावे. तेथे त्या बहुधा साखरेसाठी नव्हे, मेलेल्या किड्यांसाठी आलेल्या असतात. नवी मुंबईतील जुन्या इमारतींत स्नानगृहाची गळती, जलवाहिन्यांच्या मोकळ्या पोकळ्या आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती हे आणखी एक नित्याचे निदान.

चिकित्सा : परिवर्जन, मग आमिष

प्रथम निदानपरिवर्जन. जास्वंदाची छाटणी केली, फांद्या साबणाच्या पाण्याने धुतल्या, कुंडी भिंतीपासून दूर नेली. नळीभोवतीचे भोक व कपाटामागच्या भेगा सिमेंटने बुजविल्या. अवलेहाच्या प्रत्येक बरणीची मान व झाकणाच्या आटी रोज ओल्या फडक्याने पुसण्याचा नियम केला. सितोपलादीसारखी खडीसाखरयुक्त चूर्णे, गुलकंद व अवलेह रबरी कडे असलेल्या घट्ट झाकणाच्या बरण्यांत ठेवले. आपल्या आज्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत. ती युक्ती आजही उत्तम आहे. मात्र पाणी साचून डासांची पैदास होऊ नये म्हणून त्यात थोडा साबण घालावा व ते वारंवार बदलावे.

त्यानंतर आमिष. विष असे सौम्य असावे की ते खाणारी मुंगी लगेच मरू नये. तिने ते घरी नेऊन राणीला व अळ्यांना भरवावे. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर व १ ग्रॅम बोरिक पावडर, म्हणजे कॅरमच्या पटावर टाकतात तीच, या प्रमाणात केलेले द्रावण कापसावर घेऊन रांगेच्या कडेला ठेवतात. अधिक मारक व्हावे म्हणून प्रमाण वाढविले तर मुंग्या वाटेतच मरतात आणि हेतू फसतो. मात्रेचे महत्त्व वैद्याला वेगळे सांगायला नको. पहिले दोन दिवस मुंग्या वाढल्यासारख्या दिसतात. घाबरून फवारा मारू नये. आमिष ताजे ठेवावे. मला तीन आठवडे लागले.

बोरिक पावडर आणि आपले टंकण एकाच कुळातील असले तरी एक नव्हेत. एकाच्या जागी दुसरे वापरू नये. आमिष हे विष आहे. ते मुले व पाळीव प्राणी यांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे, त्यावर ठळक चिठ्ठी लावावी आणि औषधांच्या मांडणीजवळ ते कदापि साठवू नये. एका पांढऱ्या चूर्णाऐवजी दुसरे जाण्यास एक क्षण पुरतो.

कायदा आणि कर्तव्य

औषधनिर्माणशाळांना २००० सालापासून शेड्यूल टी लागू आहे आणि कीटक व उंदीर यांना प्रतिबंध होईल अशी वास्तू असणे ही त्यातील अपेक्षा आहे. अशा ठिकाणी घरगुती प्रयोग न करता परवानाधारक कीडनियंत्रकाकडून बंदिस्त आमिष ठेवून घ्यावे, उत्पादनकक्षात उघडी फवारणी टाळावी आणि प्रत्येक कामाची लेखी नोंद ठेवावी. फवारलेले कीटकनाशक औषधात उतरले, तर मुंगीपेक्षा मोठा दोष आपणच औषधात घातला असे होईल.

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना या परिशिष्टातून सूट आहे. ही सूट कायद्यापुरती आहे. रुग्णाच्या विश्वासाबाबत कोणालाच सूट नाही. एक कबुली देतो. पूर्वी गुलकंदाला मुंग्या लागल्या की बरणी उन्हात ठेवून, मुंग्या निघून गेल्यावर तोच गुलकंद मी रुग्णांना दिलेला आहे. घरोघरी तसे करतात, म्हणून मला त्यात गैर वाटले नाही. परंतु जी मुंगी गटाराच्या कडेने आणि व्रणाच्या पट्टीवरून येऊ शकते, तिने स्पर्श केलेले औषध दुर्बल रुग्णाला देण्याचा अधिकार मला नव्हता. आता असे औषध मी टाकून देतो.

आपल्या संघटनेला माझ्या तीन नम्र सूचना आहेत. औषधसंग्रहणाच्या कार्यशाळेत कीटक-परिचयाचे एक प्रात्यक्षिक सत्र ठेवावे. सभासदांसाठी एका पानाचे नोंदपत्रक तयार करावे. त्यात दिनांक, स्थान, मुंगीचे वर्णन, उपशय आणि केलेली उपाययोजना असावी. आणि मुंग्यांवरून मधाची वा अवलेहाची शुद्धता सांगण्याची प्रथा आपण सर्वांनी मिळून सोडावी.

जो वैद्य रुग्णाच्या जिभेवरील साम-निराम लक्षणे बारकाईने पाहतो, त्याने स्वतःच्या मांडणीवरील लक्षणाकडे दुर्लक्ष करावे हे शोभणारे नाही. त्या आजींनी माझ्यासमोर एक लक्षण आणून ठेवले होते. मी त्याची परीक्षा केली नाही, विनोद केला. आज त्या पुन्हा आल्या तर मी त्यांना आधी "आजी, माझं चुकलं" एवढेच म्हणेन, आणि मग बाटली भिंगाखाली धरीन. इत्यलम्.